नारिंगी दिवा

बाळ समोरच्या इमारतीत काचेच्या पेटीत होतं आणि टाक्यांनी जखडलेली बाळंतीण इकडे खाटेवर. मध्ये फक्त भिंतीवरची स्क्रीन. “बाबा, कोपऱ्यातल्या त्या वायरी जोडणाऱ्या पेटीवर, तुमच्या त्या स्विचवर, बाकी दिवे हिरवे आणि एकच नारिंगी का?” तिनं विचारलं. दवाखान्याचं नेटवर्क बापानंच उभारलेलं. “ती दोन इमारतींमधली राखीव वायर, मुख्य तुटली तर लागणारी. दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या तर तेच निरोप गोल गोल फिरून सगळं ठप्प करतात. म्हणून स्विच एकीला गप्प बसवतो.” तेवढ्यात बाहेर खोदकामाच्या यंत्रानं मुख्य वायर तोडली. स्क्रीनवर बाळाची मूठ हवेतच थिजली. “बाबा!” “घाबरू नकोस. तीसपर्यंत मोज. राखीव वाट उघडायला स्विचला तेवढे सेकंद लागतात.” ती मोजू लागली. तो नारिंगी दिव्याकडे बघत राहिला. राखीव वायरीची गरज आजवर कधी पडलीच नव्हती. अठ्ठावीस. एकोणतीस. दिवा हिरवा झाला. बाळानं मूठ खुशाल तोंडात घातली. लेक हसली. “बसा आता, आजोबा. दिवा सोडा, नातवंडाकडे बघा.”