दिवस मावळायच्या आत

नगरपालिकेच्या ओव्हरसियरनं छत्री मिटून काखेत मारली, नाल्यात डोकावलं आणि विचारलं, "ही माती टाकली कोणी?"

नाला पार बुजला होता. नव्या टॉकीजच्या पायातून निघालेली काळी माती त्यात काठोकाठ पडली होती आणि अडलेलं पाणी काठच्या वच्छलाच्या घरात शिरलं होतं. घर म्हणजे एक खोली. आत तिची लेक लीला, दहा दिवसांची बाळंतीण, पोराला छातीशी धरून खाटेवर बसलेली. मागची मातीची भिंत खालून सुटायला लागली होती. म्हणून तर वच्छला सकाळीच नगरपालिकेच्या पायरीवर जाऊन बसली आणि साहेबाला घेऊनच उठली.

टॉकीजच्या ओट्यावर मुकादम दौलतसिंग पान चघळत उभा होता. "आपल्याले काय मालूम साहेब," तो म्हणाला. "कामावरच्या बाया टाकत असतीन."

खोटं ऐकून गप बसणं वच्छलाला जन्मात जमलं नव्हतं. ती पुढं झाली.

"म्याच टाकली साहेब. महिनाभर माह्याच डोक्यावरून गेली. यानंच सांगतलं होतं, नाल्यात टाक म्हनून. माहं घर खाली हाये म्हनलं, तं म्हने पाऊस लय दूर हाये."

तिला वाटलं, झाली साक्ष, आता सुटतो कसा ते पाहू. बिचारी. साहेबाच्या कागदाला साक्ष नको होती, नाव पाहिजे होतं.

त्यानं लिहून घेतलं, वाचून काही दाखवलं नाही. वच्छलानं अंगठा चांगला दाबून दिला, पुसट उमटायला नको म्हणून.

"बांधकामाची माती नाल्यात ज्यानं टाकली, त्यानंच काढायची," ओव्हरसियर पेन खिशाला लावत म्हणाला. "दिवस मावळायच्या आत. नाहीतर खटला होईल तुझ्यावर."

"माह्यावर? पन सांगतलं तं यानं."

"सांगितलं कोणी, हे नियमात नाही. टाकली कोणी, ते आहे."

वच्छलाच्या अंगाची आग आग झाली. घरातून पोराचं रडणं ऐकू आलं तशी ती ओट्यावरच्या घमेल्याकडं वळली. दौलतसिंगनं घमेल्यावर पाय ठेवला.

"हे टॉकीजच्या कामाचं हाये," तो म्हणाला.

ती घरात गेली आणि भाकरी थापायची परात घेऊन आली. गुडघाभर गाळात उतरून हातानंच माती उपसली, परात भरली, डोक्यावर घेतली आणि रस्त्याच्या कडेला निघाली.

"तिथं नको," ओव्हरसियरनं हटकलं. "रस्त्याला वेगळा नियम आहे."

"मंग कुठी टाकू?"

"स्वतःच्या जागेत टाक. तिथं आमचं काही म्हणणं नाही."

वच्छलाची जागा म्हणजे तेवढी एक खोली. मातीचं पाणी तिच्या कपाळावरून खाली येत होतं. मग ती वाकून दारातून आत शिरली आणि घोटाभर पाण्यातून खाटेपाशी आली.

लीला पाहतच राहिली. "माय, गाळ घरात काहून आनून राह्यली?"

"पाय वर घे, बाई," वच्छला म्हणाली आणि तिनं परात पालथी केली.