कोरडी परात

इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला तेव्हा भोर अजून बरंच लांब होतं. गोरखनं धरणाच्या कडेला गाडी घेतली आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली. हिला आजच तापायचं होतं! मागच्या सीटवर सोनिया बसली होती. तिच्या मांडीवर खंड्याचं डोकं होतं. कुत्र्यानं दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नव्हतं, आणि आज सकाळी तर दूधही हुंगून सोडलं होतं.

"पप्पा, जगंल ना त्यो?"

"जगंल की. का न्हाई जगायचा?" गोरख म्हणाला. मागं वळून बघायचं मात्र त्याला धाडस झालं नाही.

बायको रत्ना वारल्यापासून घरात बापलेक दोघंच. गोरख दिवसभर हिर्डोशी ते भोर माणसं वाहायचा आणि शाळा सुटली की पोर त्या घरात एकटी. आई गेल्यावर तिनं बोलणंच टाकलं होतं. पुन्हा बोलायला लागली ती आधी कुत्र्याशी, मग बापाशी. खंड्या गेला तर ही परत मुकी होणार, हे गोरखला पक्कं ठाऊक होतं.

त्यात या गाडीचं दुखणं. रेडिएटरमधलं कूलंट, ते हिरवं पाणी, रोज कमी व्हायचं आणि जायचं कुठं ते कळत नव्हतं. भोरच्या चिमाजी मेकॅनिकनं गाडी गार झाल्यावर टॉर्च मारून सगळे पाईप चाचपले. कुठं ओल नाही.

"घरी गेल्यावर गाडीखाली परात ठिव," तो म्हणाला. "गळत आसंल तर परातीत घावंल."

गोरखनं परात ठेवली. सकाळी बघतो तर परात कोरडी. कोरडी कसली, घासून ठेवल्यासारखी लख्ख. तीन-चार वेळा ठेवून पाहिली, तेच.

"मंग भाईर गळतच न्हाई," चिमाजीनं निकाल दिला. "इंजिनच आतल्या आत पितंय. हेड खोलावं लागंल. तवर भरत ऱ्हा रोज. आन नुसतं पानी घालू नगंस, कूलंटच घाल, न्हाईतर गंज धरंल."

गाडी खोलून ठेवली तर खायचं काय? म्हणून गोरख रोज सकाळी डब्यातलं कूलंट भरायचा. इमानेइतबारे भरायचा. आणि संध्याकाळी गाडी अंगणातल्या फरशीवर लागली, की खंड्या शेपूट हलवत धावत यायचा आणि थेट गाडीखाली शिरायचा. गोरखला त्याचं भारी कौतुक. चार माणसांत सांगायचा, "आमचा खंड्या गाडी राखतोय. कुनाची टाप न्हाई हात लावायची!"

फोन वाजला. भोरच्या जनावरांच्या डॉक्टर, सौदामिनी, बोलत होत्या. काल त्यांनीच खंड्याचं रक्त तपासायला घेतलं होतं.

"कुठे आहात? रिपोर्ट आलाय. त्याच्या किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. विष आहे पोटात."

"इख?" गोरख ओरडलाच. "कुनी घातलं?"

"कुणी घातलं ते मला कसं कळणार? पण एकदम नाही, रोज थोडं थोडं गेलंय. चवीला गोड असतं, म्हणून जनावर आपणहून चाटतं. अजून धुगधुगी आहे. लवकर आणा, प्रयत्न करते. पण आता आणखी थोडं जरी पोटात गेलं, तरी माझ्या हातात काही राहणार नाही."

फोन ठेवला आणि गोरखच्या डोळ्यांपुढं शेजारचा बंडू आला. खंड्यानं त्याची कोंबडी धरली होती तेव्हा काय म्हणाला होता तो? 'एक दिवस बंदोबस्त करतो याचा.' केला म्हणायचा! गोरखनं तिथंच रस्त्यावर उभं राहून त्याच्या नावानं आईबापावरनं शिव्या घातल्या. मुक्या जनावराला गोडातनं विष घालणारा माणूस म्हणजे कसाई, कसाई!

गाडीत उकाडा होता. सोनियानं खंड्याला कवेत धरून खाली उतरवलं आणि गाडीच्या सावलीत पोत्यावर निजवलं. इंजिन जरा निवलं तसं गोरखनं फडक्यात धरून झाकण उघडलं. सीटखालचा डबा काढला आणि घाईघाईनं कूलंट ओतू लागला. पोरीला आणि कुत्र्याला भोरला पोचवायचं, एवढंच आता त्याच्या डोक्यात होतं.

"पप्पा!" सोनिया ओरडली. तिच्या आवाजात किती दिवसांनी हसू होतं. "आवो, खंड्या उठला! चाटतोय बगा कायतरी!"

गोरख वाकला. गाडीखाली, तापलेल्या पाईपाच्या सांध्यातून हिरवे थेंब टपटपत होते. खंड्या पोटावर सरपटत तिथवर गेला होता आणि शेपूट हलवत, डोळे मिटून, रस्ता लख्ख चाटत होता.

गोरखच्या हातातला डबा तसाच कलता राहिला.

"दोन दिसांत पयल्यांदा खातोय त्यो," सोनियानं टाळी वाजवली. "लई आवाडलंय त्याला. आजून वता ना, पप्पा!"