गीत उचलणारा

ज्योतीरामने गीत उचललं आणि बायकांच्या बाजूने कुणाचाच आवाज आला नाही. सूर इतका वर गेला होता की तिथे पोचायला शिडी लागली असती. पुरुष कसेबसे दोन ओळी मागे गेले. तिसऱ्या ओळीला त्यांचेही गळे फाटले. ज्योतीराम मात्र शेवटच्या कडव्यापर्यंत एकटा म्हणत राहिला.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता, साल छप्पन. बसगाड्या बांधायच्या कामावर नगर जिल्ह्यातून दापोडीला आलेली ख्रिस्ती घरं चांदभाईंच्या सायकलच्या दुकानामागे, एका पत्र्याच्या खोलीत उपासनेला जमत. देऊळ, म्हणजे चर्च, अजून बांधायचं होतं.

एरवी वर्षभर निभावून जायचं. ढोलकी आणि झांजांच्या दणक्यात कुणाचा सूर कुठे आहे ते देवालाच ठाऊक. पण आगमनकाळ लागला की वाद्यं कापडात बांधून ठेवायची आणि नाताळच्या पहाटे सोडायची, ही या मंडळीची गावाकडून आलेली रीत. वाट पाहणाऱ्याने ढोल बडवायचा नसतो, असं जुनी माणसं म्हणत. मग एकट्या माणसाने कोऱ्या आवाजात पहिली ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागे जायचं. गावात हा मान ज्योतीरामच्या बापाचा होता. इथे तो ज्योतीरामकडे आला. कारखान्यात त्याला कुणी विचारत नसे, पण रविवारी तो उभा राहिला की मुकादमसुद्धा मान खाली घालून बसे.

वर्षानुवर्षं पत्रे ठोकून ज्योतीरामचे कान गेले होते. ही गोष्ट सगळ्या वस्तीला माहीत होती. त्याला स्वतःला तिचा पत्ता नाही, अशी मंडळीची समजूत होती. त्याचं मन कोण मोडणार? म्हणून तो नेईल तिकडे सगळे प्रेमाने फरफटत जात.

त्या दिवशी उपासना सुटल्यावर चांदभाईंनी पाद्रीसाहेबांना दुकानाच्या दारात गाठलं.

"साहेब, ज्योतीरामभाऊ आज फार वर गेले. माझं गिऱ्हाईक विचारत होतं, आत कुणाचं काही बरंवाईट झालं का?"

आता काहीतरी करणं भाग होतं. ज्योतीरामला समजावून सांगायचं काम बबनरावांकडे आलं. दोघे कारखान्यात शेजारी शेजारी काम करत. बबनराव संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेले खरे, पण अडचण तिथे पोचल्यावर कळली. बहिऱ्याला नाजूक गोष्ट सांगायची म्हणजे ओरडून सांगायची, आणि बाहेर नळावर सगळी चाळ उभी. बबनराव दोनदा हळू आवाजात बोलले. दोन्ही वेळा ज्योतीराम कानामागे हात धरून पुढे वाकला. बबनराव चहा पिऊन परत आले.

मग पाद्रीसाहेबांनी त्याच्या बायकोला, यशोदाबाईंना, बोलावून घेतलं.

"मी न्हाई सांगायची," त्या म्हणाल्या. "गीत गेल्यावर त्यांच्यापाशी राह्यलं काय?"

शेवटी पाद्रीसाहेबांनीच मार्ग काढला. जालन्याकडून नुकताच आलेला सयाजी नावाचा एक फिटर होता. त्याचा गळा चांगला होता. दुसऱ्या रविवारी साहेबांनी उपासनेच्या सुरुवातीलाच जाहीर केलं की बंधू ज्योतीराम यांनी आजवर मंडळीची मोठी सेवा केली, आजपासून गीत सयाजी उचलतील. बोलणं साखरेत घोळलेलं होतं. पुढच्या चटईवर बसलेल्या ज्योतीरामने शांतपणे मान डोलावली. मंडळीने सुटकेचा निःश्वास टाकला.

सयाजी उभा राहिला. ज्योतीरामही उभा राहिला. त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

एकाच वेळी दोन सूर लागले. एक खाली, संथ. दुसरा पत्र्याला टेकलेला. लोकांनी तोंडं उघडली, पण जायचं कुणामागे? सयाजीमागे जावं तर भरल्या मंडळीत ज्योतीरामची शोभा व्हायची. सवयीने म्हणा, दयेने म्हणा, पुरुष ज्योतीरामकडेच वळू लागले.

बायकांत सगळ्यांत पुढे यशोदाबाई होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सयाजीची ओळ धरली. चांगली मोठ्याने धरली. त्यांच्यामागे बायका गेल्या आणि बायकांमागे नाइलाजाने पुरुष.

ज्योतीरामचं लक्ष बायकोच्या ओठांवर गेलं. तो तिसऱ्या ओळीवर होता, ती दुसऱ्या. त्याने बाकीच्या बायकांकडे पाहिलं, मग पुरुषांकडे. सगळ्यांचे ओठ एकसारखे हलत होते आणि त्याच्याबरोबर कुणाचेच नव्हते. त्याने तोंड मिटलं. गीत संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला. त्याच्याकडे बघण्याची कुणाची छाती झाली नाही. यशोदाबाई शेवटची ओळ कशीबशी म्हणून खाली बसल्या.

ज्योतीराम सयाजीजवळ गेला. सयाजी दोन पावलं मागे सरला. ज्योतीरामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, बाहेर चांदभाईंनाही ऐकू जाईल असं, तो बोलला.

"लई उपकार झाले, बाबा. मला दोन-तीन सालापासनं कायबी ऐकू येत न्हाई. पर मंडळीत उचलणारं दुसरं कुणीच न्हाई, म्हणून दर ऐतवारी जीव मुठीत धरून उभा ऱ्हात व्हतो."