आठशे खुर्च्या

कंपनीच्या डीलर कॉन्फरन्ससाठी जागा शोधायचं काम तनुजाच्या गळ्यात पडलं. वाकडच्या हॉटेलातला हॉल दोनशे माणसांना नेमका, पण भाडं ऐकूनच घाम फुटावा असा. चाकणला सोनबांचं मंगल कार्यालय त्याच्या चौथाईत मिळत होतं, पण तिथला हॉल आठशे माणसांचा.

"पैसे वाचले तर उत्तमच," मोठे साहेब म्हणाले. "पण दिल्लीचे पाहुणे येणार आहेत. हॉल रिकामा दिसला, तर तुझं प्रमोशन विसर."

तनुजाने रडवेल्या आवाजात सोनबांना फोन लावला.

"ताई, आमच्या कार्यालयात आजवर एक खुर्ची रिकामी ऱ्हायली न्हाई," सोनबा म्हणाले. "तुमी जेवणाची ताटं तेवढी वाढवा, बाकीचं माझ्याकडं लागलं."

कॉन्फरन्सच्या दिवशी पडद्यावरच्या स्लाइड्स दिसाव्यात म्हणून दिवे मंद केले होते, तरी पार भिंतीपर्यंत डोकीच डोकी दिसत होती. साहेबांनी गुणवत्तेवर तासभर भाषण ठोकलं, आणि मागच्या रांगांनी ते पुढच्यांपेक्षाही शांतपणे ऐकलं. तनुजाचा जीव भांड्यात पडला. दिवे लागले, दिल्लीच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि खूश झालेल्या साहेबांनी माइकवरून विचारलं, "कुणाला काही विचारायचंय का?"

शेवटच्या रांगेतले पांढऱ्या टोपीतले एक आजोबा मुठीतल्या अक्षता सांभाळत उभे राहिले.



"पाव्हणं, मुहूर्त टळून चाललाय. नवरीला कवा आणताय?"