मर्लची खुर्ची

मर्लच्या रिकाम्या खुर्चीपुढे पत्ते वाटणाऱ्या मारिसेलने दोन पत्ते टाकले आणि लगेच उचलून घेतले. पोकरच्या स्पर्धेचा नियमच तसा. माणूस जागेवर नसला तरी त्याला पत्ते वाटायचे, त्याची पाळी आली की त्याच्या ढिगातून चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, काढून मध्ये सरकवायच्या, आणि खेळ पुढे न्यायचा. ढीग संपला की माणूस बाद.

"गेला तुझा शेजारी," डावीकडचा गस अर्लीनला म्हणाला. "कॉफी आणायला गेलाय की कॉफी पिकवायला?"

अर्लीन हसली नाही. लास व्हेगासमधल्या साठीपुढच्यांच्या या स्पर्धेत चिठ्ठी टाकून जागा ठरतात. आज चिठ्ठीने तिला नेमकं तिच्या आधीच्या नवऱ्याशेजारी आणून बसवलं होतं. मर्लने तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पार उतरला. "कॉफी आणतो," म्हणाला आणि उठला. त्याला दोन तास झाले.

रिकाम्या खुर्चीशेजारची जागा म्हणजे पोकरमध्ये लॉटरीच. मर्लच्या चिप्स मध्ये आल्या की त्या राखायला कोणी नसतं. जो जोर करील त्याच्या. अर्लीनला तर हातही फार लांब करावा लागला नसता. पण मर्लची पाळी आली की ती आपले पत्ते न बघताच फेकून पॅक करायची, आणि गस दर फेरीला त्या चिप्स आरामात आपल्याकडे ओढायचा. मर्लचा ढीग घटणारच होता. पण आपल्या हाताने नको, एवढंच तिला वाटत होतं. यात शहाणपण काही नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

"फुकटचं सोडतेस अगं," गस म्हणाला. "देवळात आलीस का?"

आता जेवढी बक्षिसं, त्याहून एकच माणूस जास्त उरला होता. आणखी एक जण बाद झाला की उरलेला प्रत्येक जण काहीतरी पैसे घेऊन घरी जाणार. अशा वेळी सगळं टेबल श्वास रोखून बसतं. चांगले पत्तेही लोक टाकून देतात. कोणालाच तो शेवटचा अभागी व्हायचं नसतं.

अर्लीनचं लक्ष मात्र दाराकडे होतं. भांडण झालं की मर्ल बाहेर गाडीत जाऊन बसायचा. रेडिओ लावून तासन्‌तास. ती आत स्वयंपाकघरात बसायची, तो येईल म्हणून. तो तिकडे वाट बघायचा, ती बोलवायला येईल म्हणून. हे तिला फार उशिरा कळलं, कागदांवर सह्या होऊन गेल्यावर. आताही तो गाडीतच असणार. तिला एकदम रडू आल्यासारखं झालं. तिला तो हवा होता. अजूनही.

तिने पत्ते बघितले. सत्ती आणि दुर्री, याहून वाईट पत्ते या खेळात नाहीत. तिने सगळा ढीग पुढे लोटला.

"ऑल-इन."

एकदाचं हरावं आणि उठावं.

एकेकाने पत्ते फेकले. गसने आपल्या दोन राण्या सगळ्यांना दाखवल्या आणि हळहळत टाकून दिल्या. "सकाळपासून ही बाई नाकासमोर खेळतेय. आता लोटतेय म्हणजे एक्केच असणार. मला काय वेड लागलंय?"

मारिसेलने चिप्स अर्लीनकडे सरकवल्या. पुढच्या डावाला अर्लीनने पत्ते उचललेसुद्धा नाहीत. पुन्हा सगळं लोटलं. पुन्हा सगळ्यांनी पॅक केलं. तिचा ढीग आणखी वाढला.

"कोणीतरी या ना पुढे," ती चिडून म्हणाली.

"ऐकलंत? आमंत्रण देतेय!" गस म्हणाला. "नक्की एक्के."

अर्लीनने मर्लच्या खुर्चीकडे बघितलं. तो तर हरलाही नव्हता. नुसता उठून गेला होता. उठायला हरावं लागत नाही, हे इतकी वर्षं पत्ते खेळूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने पर्स खांद्याला लावली.

"मॅडम, आता कुठे?" मारिसेल घाबरली. "एक जण गेला की बक्षीस लागतंय. तुम्ही नुसतं बसून राहिलात तरी मिळेल!"

"नुसतं बसून राहणं मला फार छान जमतं," अर्लीन म्हणाली. "त्यातच सगळं गेलं माझं."

"अगं, चिप्स?" गस ओरडला. "एवढा डोंगर!"

"खा तू."

मारिसेलने पुढचा डाव वाटला. शेजारशेजारच्या दोन रिकाम्या खुर्च्यांपुढे दोन-दोन पत्ते पडले आणि तिने ते उचलून घेतले.

अर्लीन दारापर्यंत जवळजवळ पळतच गेली. तिथे उभ्या असलेल्या पोऱ्याला तिने विचारलं, "पार्किंगचे मजले किती?"

"सहा. गाडी कुठे लावलीत, आठवत नाही का?"

"माझी नाही."

"मग कशी आहे? रंग कुठला?"

मर्लकडे आता कुठली गाडी आहे, हे तिला माहीत नव्हतं.

"रेडिओ चालू असेल," ती म्हणाली आणि तिने खालच्या मजल्यापासून सुरुवात केली.