रंगाऱ्याची नजर

"आकडा वाचा," डॉक्टर म्हणाले. पानावर नुसते ठिपके होते. सैफुद्दीनला त्यांत आकडा दिसला नाही. पुढच्या पानावरही नाही.

१९७४ साल. कारंज्याच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं आणि सैफुद्दीन जवळच्या चष्म्यासाठी आला होता. लाल आणि हिरवा आपल्याला सारखेच दिसतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. या गोष्टीला डॉक्टरकीत नाव आहे, हे आज कळलं. बाजारात कुणाला याचा पत्ता नव्हता, आणि लागून चालणारही नव्हतं. तो रंगारी होता. लुगडी, ओढण्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता.

हे येतं कुठून, त्यानं विचारलं. डॉक्टरांना प्रश्न आवडला. त्यांनी चिठ्ठीच्या मागे चौकोन आणि गोल काढले. चौकोन पुरुष, गोल बाई. मुलाला हे आईकडून मिळतं. सैफुद्दीनला धनजचा मामा आठवला. लाल मिरच्या तोडायला पाठवलं की तो हिरव्याही तोडून आणायचा आणि शिव्या खायचा. मग डॉक्टरांची पेन्सिल खाली सरकली. तुमच्या मुलीला सगळे रंग दिसतील, ते म्हणाले, पण तिच्या प्रत्येक मुलाला हे होण्याची शक्यता निम्मी.

मेहरुन्निसा ही त्याची एकुलती एक मुलगी. कामरगावचे कापडवाले जमशेदभाई यांच्या मुलासाठी तिला मागणी आली होती. फक्त पक्कं व्हायचं बाकी होतं. उद्या नातू दुकानात बसेल, गिऱ्हाईक लाल मागेल आणि तो हिरवं फाडून देईल.

त्यानं घरी येऊन मुलीला चिठ्ठी दाखवली. तिनं चौकोन-गोल नीट समजून घेतले.

"माह्या लेकराची गोष्ट हाये, अब्बा," ती म्हणाली. "लपवून नका देऊ मले."

तरी सैफुद्दीनचा पाय निघेना. चिठ्ठी खिशात घेऊन तो नुसता फिरत राहिला. आठव्या दिवशी एसटीत बसला.

जमशेदभाईंनी सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"पोरीले दिसते ना?"

"लख्ख."

"मंग झालं तं. माहा बाप ठार बहिरा. त्यानंच हे दुकान उभं केलं. गिऱ्हाइकाची घासाघीस त्याले कधी ऐकूच आली नाही."

त्यांनी आतून साखर मागवली. वाटी आली. चिमूट उचलता उचलता त्यांच्या कपाळाला आठी पडली. दहा वर्षं त्यांच्या दुकानाच्या ओढण्या सैफुद्दीन रंगवत होता. एकीचीही छटा कधी चुकली नव्हती.

"मंग आजवर रंग कोन पाह्यत होतं?"

"आधी माही बायको, हलिमा. ती गेली तवापासून मेहरुन्निसा."

साखरेचा हात हवेतच थांबला.

"म्हंजे ही सोयरीक मोडली असती, तं पोरगी घरी राह्यली असती. तुमचा धंदा वाचला असता."

"हो," सैफुद्दीन म्हणाला. "मी खरं सांगाले निघालो का सोयरीक मोडाले, हे समजून घ्यालेच आठ दिवस लागले."