पडद्यातली जागा

"दीदी, आप फिर गायब हो गईं," फ्लेक्स बनवणारी रीना म्हणाली.

समता कॉलनीतल्या त्या फ्लेक्सच्या दुकानात ज्योती स्क्रीनकडे डोळे लावून बसली होती. शेजारी तिचे बाबा, श्यामरावबुवा, गळ्याभोवती मफलर गुंडाळून. स्क्रीनवरही तेच होते. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणे, वर उचललेल्या हातात चिपळी, मागे भगवा पडदा, बाजूला समई. दत्तजयंतीच्या कीर्तनाचा फ्लेक्स दरवर्षी हाच असायचा, फक्त तारीख बदलायची. यंदा ज्योतीचा लहानसा फोटो घालायचा होता. बाबांच्या मागे, टाळ धरून. कीर्तनात ती नेहमी उभी राहायची तशीच.

"काहून दिसून नाही राहिली मी? फोटोच्या नावापुढचा तो डोळा तर चालू आहे ना?"

"आँख भी चालू है, लॉक भी नहीं है." रीनाने ज्योतीच्या फोटोची लेयर, म्हणजे तिचा थर, धरून वर ओढली. ज्योती आली ती थेट बुवांच्या तोंडावर.

"अवो बाई! बाबाच्या तोंडावर काय चढवतेस मले!"

खाली ओढली. ज्योती पुन्हा नाहीशी झाली.

रीनाने पाहिले आणि कपाळाला हात लावला. "ये देखो. बाबा, परदा, समई, सब किसी ने एक ही लेयर में चिपका दिया है. बाबा के पीछे मतलब परदे के पीछे. पहले बाबा को काटकर निकालना पड़ेगा."

"काटून नको म्हणू. उचलून म्हण."

"ठीक है दीदी, उठाकर," रीना हसली आणि पगडीच्या कडेकडेने माउस फिरवू लागली.

तेवढ्यात ज्योतीचा फोन वाजला. मंडळाचे यज्ञेश्वरकाका होते. "हव काका... हो, बाबाच उभे राहतील ना. आवाज का? येऊन जाईल तोवर." बोलताना ती बाबांकडे बघत नव्हती.

फोन ठेवल्यावर रीनाने विचारले, "बाबा बोलते नहीं क्या?"

"गळ्याचं ऑपरेशन झालं. कुजबुज निघते, बस."

"फिर कीर्तन कौन करेगा?"

स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ज्योतीने सगळे आख्यान बसवले होते, अभंगांसकट. बाबा दाराशी बसून ऐकायचे आणि मान हलवायचे. पण मंडळात तिने तोंड उघडले नव्हते. लोक बाबांसाठी येतात. आपल्यासाठी कोण येणार?

"हो गया," रीना म्हणाली, आणि तिने बुवांना अलगद उचलून बाजूला ठेवले.

पडद्यात त्यांच्या आकाराची जागा उरली. पगडीची, खांद्यांची, वर गेलेल्या हाताची. आत काही नव्हते, नुसत्या पांढऱ्या-राखाडी चौकड्या.

ज्योती खुर्चीतून अर्धी उठली. "परत ठेव."

"अरे दीदी, खाली जगह है बस. मैं परदा भर दूँगी..."

"परत ठेव म्हटलं ना त्यांना!"

श्यामरावांनी हात वर करून दोघींना थांबवले. ते पुढे वाकले. त्या रिकाम्या जागेकडे पाहताना त्यांचा चेहरा जराही उतरला नाही. उभे राहण्याआधी सतरंजी घातलेली जागा पाहावी, तसे ते पाहत होते. मग त्यांनी ज्योतीच्या फोटोवर बोट ठेवले, आणि तिथून चौकड्यांवर.

"बाबा, मी नाही पुरत तिथं."

रीनाने फोटो मोठा करून तिथे ठेवला. खरेच पुरली नाही. डोक्यावर, खांद्यांपाशी, चहूकडून चौकड्या दिसत राहिल्या.

"पहा," ज्योती म्हणाली. जिंकल्यासारखी म्हणाली खरी, पण डोळे भरले होते.

"और बाबा को कहाँ रखूँ?"

श्यामरावांनी मफलर जरा सैल केला. नुसता श्वासच बोलावा तसे शब्द आले.

"मले मांगं घे."

रीनाने बुवांची लेयर ज्योतीच्या खाली सरकवली. निघाले होते त्याच जागी ते नेमके बसले. एकही चौकडी उरली नाही. पुढे टाळ धरलेली ज्योती, तिच्या दोन्ही खांद्यांमागे बाबा.

रीना उगाच कीबोर्डवरची धूळ पुसत राहिली.

ज्योतीने फोन घेतला. "काका, मघाशी मी खोटं बोलली. बाबाचा आवाज नाही येणार आता. कीर्तनाले मी उभी राहीन. बाबा मागं टाळ धरतील."

पलीकडे काकांनी घसा साफ केला.

"बरं. मग तुही गायची पट्टी कोणती, बाई? पेटीवाल्याले सांगा लागते ना."

आजवर ज्योती बाबांच्याच पट्टीत गात आली होती, बाबांच्या खाली, त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून. स्वतःची पट्टी तिने कधी शोधलीच नव्हती.

"एक मिनिट, काका." फोन कानाशी तसाच धरून तिने डोळे मिटले आणि तिथेच, रीनाच्या समोर, अगदी हळू सूर लावला. डोळे उघडले तेव्हा बाबांची तर्जनी 'अजून वर' अशी खुणावत होती. तिने सूर चढवला.

बोट अजून वरच होते.